मुलाणी सरांचे बिबटे

मुलाणी सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या मुख्याध्यापकांचं डोकं मोजत होते.

थट्टा नाही करत. मैदानावर प्रार्थना चालली होती, मुख्याध्यापक डोळे मिटून उभे होते, आणि रांगेच्या टोकाला पांढऱ्या शर्टातला एक किडकिडीत माणूस एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिलीवरून अंगठा सरकवत होता. प्रार्थना संपली तसा तो माझ्या कानाशी आला.

"नवीन का? विषय?"

"मराठी."

"बरं. ऐका मराठी, आपल्या साहेबांचं डोकं त्यांच्या अंगात साडेपाच वेळा बसतं. साध्या माणसाचं सात वेळा तरी बसतं. कुणाला सांगू नका."

मी अर्थातच मधल्या सुट्टीच्या आत सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून आमचं जमलं. सरांनी मला नावानं कधीच हाक मारली नाही. "ओ मराठी, इकडं या," हीच हाक. घरी आले तरी बायकोला विचारायचे, "वहिनी, मराठी हायत का घरात?"

सर मूळचे भीमेच्या पलीकडचे, दौंड तालुक्यातल्या खुटबावचे. नोकरीनं शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठी आमच्या गावात आले आणि इथलेच झाले. चित्रकला हा विषय शाळेत कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. गणिताचा पोर्शन राहिला की पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा जातो. सर मात्र तास सोडायचे नाहीत. टेबलावर एक वांगं, एक तांब्या आणि एक डस्टर मांडायचे आणि म्हणायचे, "काढा." पोरं काढायची. मग सर बाकांमधून फिरायचे आणि दर बाकाशी एकच प्रश्न विचारायचे, "सावली कुठंय?"

"वांगं काढलंस, झ्याक काढलंस. सावली कुठंय त्याची? सावली न्हाई म्हंजी वांगं हवेत हाय. हवेत तरंगणारं वांगं तुझ्या आईनं कवा चिरलंय का?"

गावात त्यांचं नाव सावलीसरच पडलं होतं.

दुसरी खोड म्हणजे मार्क. सर दिसेल त्या गोष्टीला दहापैकी मार्क द्यायचे. लग्नातल्या बँडला, सरपंचांच्या भाषणाला, एसटीच्या ड्रायव्हरनं मारलेल्या ब्रेकला. शहनाजभाभींच्या मटणालासुद्धा. आणि मार्क कापले की कारण सांगायचेच. "कारण न सांगता मार्क कापणं म्हंजी चोरी," हे त्यांचं वाक्य. भाभी म्हणायच्या, "यांच्याशी निकाह केला तवा वाटलं, चित्रं काढणारा माणूस, गोड बोलत असंल. हितं तर रोज परीक्षा."

एकदा दहावीच्या निरोप समारंभाला संस्थेचे अध्यक्ष आलेच नाहीत. ग्रुप फोटोत त्यांची खुर्ची रिकामी राहिली. फोटोग्राफरनं नंतर कॉम्प्युटरवर अध्यक्षांना आणून खुर्चीत बसवलं. मोठी फ्रेम झाली. अनावरण अध्यक्षांच्याच हस्ते. पडदा बाजूला झाला, टाळ्या झाल्या, आणि सर एक डोळा मिटून पुढं सरकले. मी मनात म्हटलं, आले, आता मार्क आले.

"साहेब," सर फार आदबीनं म्हणाले, "आमच्या सगळ्यांच्या सावल्या डावीकडं पडल्यात आन् तुमची एकट्याची उजवीकडं. आमी दुपारचं बसलोय, तुमी सकाळीच येऊन बसून गेलाय वाटतं."

अध्यक्ष हसले, पण ती फ्रेम दुसऱ्या दिवशी स्टोअररूममध्ये गेली. सर मला म्हणाले, "सहा दिले मी त्याला. खुर्चीत बसवलाय चांगला."

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणाऱ्या पोरांना ते दरवर्षी इनामगावला घेऊन जायचे. तिथं उत्खननात सापडलेल्या रंगीत मडक्यांचे फोटो त्यांनी कापून पुठ्ठ्यावर चिकटवले होते. ते धरून पोरांना म्हणायचे, "ही रेघ बघा. हितं जाड झाली, हितं बारीक झाली. हितं त्या बाईला कुणीतरी हाक मारली आन् हात हलला. तीन हजार वर्षं झाली, पर हलल्याली रेघ तशीच हाय. माणसानं केलेलं असं वळखायचं." पोरांना ती बाई समोर दिसायची. खोटं कशाला बोलू, मलाही दिसायची.

मग सर निवृत्त झाले. आणि मग बिबटे आले.

बिबट्या आमच्याकडं नवा नाही. उसात जन्मतो, उसात वाढतो. कुत्री, वासरं, शेळ्या गेल्याचं कुणी फारसं सांगतही नाही. माणसं गेलेली घरंही आहेत, आणि त्या घरांसमोरून जाताना आम्ही आवाज खाली आणतो. वनखात्याचे पिंजरे आहेत, पण गावं जास्त आणि पिंजरे कमी. आमच्या भागाच्या वनरक्षक मनीषा मॅडम, मोटारसायकलवर फिरणारी पोरगीच म्हणा. तिला रोज दहा ठिकाणांहून फोन, "मॅडम, आमच्याकडं पिंजरा लावा." बिबट्या खरंच कुठं आहे हे कळल्याशिवाय ती पिंजरा कुठं नेणार? सुक्या जमिनीत ठसा उमटत नाही. म्हणून लोक फोटो पाठवायला लागले. आणि मग फोटो बनवायला लागले.

पहिला फोटो आमच्याच शाळेच्या पायरीवर बसलेल्या बिबट्याचा. सकाळी गावच्या ग्रुपवर पडला. पोरं घरी, शाळा बंद, आयाबाया थाळ्या बडवत दारात उभ्या. मी फोन घेऊन सरांकडं धावलो. सर ओट्यावर चहा पीत होते. त्यांनी चष्मा पुसला, एक डोळा मिटला, बघितलं. मग फोन तोंडाजवळ धरून ग्रुपवर बोलले:

"नमस्कार. मुलाणी बोलतोय. बिबट्या छान बसलाय. पण पायरीवर ऊन उजवीकडनं आलंय आन् बिबट्यावर डावीकडनं. एका अंगणात दोन सूर्य उगवत न्हाईत. शिवाय पुढच्या पायाला बोटं जास्त झाल्यात. दहापैकी चार. पोरांना शाळेत पाठवा."

काय सांगू तुम्हाला! गाव हसलं. तो व्हॉइस नोट भीमा ओलांडून दौंडच्या ग्रुपांवर गेला. मग ही रीतच पडली. कुठंही बिबट्याचा फोटो निघाला की सरांकडं यायचा आणि सरांचा निकाल ग्रुपाग्रुपांतून फिरायचा. भांडगावला हायवेवरच्या हॉटेलात एक बिबट्या मिसळीपुढं बसवला होता. त्यावर सर: "नमस्कार. मुलाणी बोलतोय. काउंटरच्या काचेत ह्या बिबट्याचं प्रतिबिंब पडलंय, पण प्रतिबिंबाला शेपूट न्हाई. शेपूट पार्किंगमध्ये ठेवून आला का? पाच." मी स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल करायचो आणि पोट धरून हसायचे लोक.

सर तरुण झाले होते त्या दिवसांत. शेजारची सिंधूबाई दूध घालायला यायची तेव्हा मुद्दाम कुंपणाशी थांबायची. उसाच्या कडेला तिचं घर, शेळ्या हाच तिचा संसार.

"सर, माझ्या शेळीला किती मारक?"

"सात."

"आन् मला?"

"तुला तोंडी परीक्षेत धा, लेखीत शून्य."

"आवं, शाळंत गेली आसती तर तुमाला शिकीवलं आसतं म्या," म्हणून ती हसत जायची. आतून भाभींचा आवाज यायचा, "शेळीला सात! माझ्या बिर्याणीला कधी पाचाच्या वर न्हाई दिलं."

मग तो टाकीवरचा बिबट्या आला.

गावच्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बिबट्या. सरांनी तो फोटो जेवण विसरून बघितला. ऊन बरोबर, सावली बरोबर, बोटं बरोबर. शेवटी मला म्हणाले, "गाडी काढा, मराठी." आम्ही टाकीवर गेलो. सरांनी फोन समोर धरला. फोटोतला कठडा निळा होता, आणि समोरचा गंजून तांबडा. रंग देऊन त्याला कितीतरी वर्षं झाली होती. म्हणजे फोटो खोटा. पण सरांना ते फोटोत बघून कळलं नव्हतं. जागेवर येऊन कळलं होतं.

तेवढ्यात समोरच्या टपरीतून आवाज आला, "सर, ह्याला किती?"

ओंकार. सरांचाच जुना विद्यार्थी, आता एमआयडीसीत शिफ्ट करतो. गोड पोरगा, हात जोडूनच बोलतो.

"तू बनवलास व्हय रं हा?"

"आठ तरी द्या, सर."

"तुझ्या चित्रात कधी वांगं टेबलावर टेकलं न्हाई. तुला हे कसं जमलं?"

"तुमच्यामुळंच की!" ओंकार मनापासून म्हणाला. "तुमी म्हणला ऊन दोन बाजूंनी आलंय. मग फोनमधल्या एआयला लिहून सांगितलं, ऊन एकाच बाजूनं घे. तुमी म्हणला बोटं जास्त. मग बोटं सांगितली. तुमचे सगळे व्हॉइस नोट ठेवल्यात मी. दौंडकडची पोरंबी ऐकत्यात सर तुमचं. क्लासच समजा."

मला हसू आलं आणि अर्ध्यावर थांबलं, कारण मी सरांकडं बघितलं.

"मला दाव कसं करतोस," सर म्हणाले.

ओंकारनं फोनवर काहीतरी लिहिलं. टपरीवाल्याचा चहा ओतून व्हायच्या आत फोटो आला. सर स्वतः बिबट्याच्या पाठीवर हात ठेवून उभे. तोच पांढरा शर्ट, तोच खिशातला पेन्सिलीचा तुकडा. सरांनी फोन हातात घेतला. बराच वेळ बघितलं.

"सावली बरोबर हाय माझी," ते म्हणाले. चहा न घेताच गाडीवर येऊन बसले.

दारात उतरल्यावर म्हणाले, "मराठी, आयुष्यभर पोरांना चुका सांगितल्या. चूक सांगितली की पोरगं सुधारतं, एवढंच येतंय मला. आता मी चूक सांगितली की बिबट्या सुधारतोय. काय करू?"

मी मराठीचा शिक्षक. मला शब्द सुचायला हवे होते. मी म्हटलं, "कारण सांगू नका. नुसतं खरं का खोटं तेवढं सांगा."

आणि त्यांनी तसं केलं. व्हॉइस नोट छोटे झाले. "नमस्कार. मुलाणी. खोटा." "नमस्कार. मुलाणी. खोटा." लोकांना चैन पडेना. "सर चिडलेत का?" म्हणून मला विचारायचे. कारण न सांगता मार्क कापताना सरांच्या जिवाला काय होत असेल ते मला माहीत होतं. ते रात्री जेवत नाहीत म्हणून भाभी माझ्या बायकोपाशी बोलल्या होत्या.

फोटो मात्र वाढतच गेले. कुणी गंमत म्हणून, कुणी आपल्या रीलला लोक यावेत म्हणून, आणि कुणी पिंजरा आपल्या गावात यावा म्हणून. या शेवटच्यांना मी दोष देऊ शकत नाही. त्यांच्या उसात बिबट्या खरंच असायचा. त्यांच्याकडं फक्त फोटो नसायचा.

मग तालुक्याला बैठक झाली. सरपंच, पोलीस पाटील, ग्रुप अॅडमिन सगळ्यांना बोलावलं. आमचे सरपंच आप्पा सरांना आणि मला घेऊन गेले. पोलिसांच्या साहेबांनी चांगलं समजावून सांगितलं. बिबट्याचा खोटा फोटो टाकणाऱ्यावर गुन्हा, पुढं पाठवणाऱ्यावर गुन्हा, अॅडमिनवरही गुन्हा. सरांनी हात वर केला. वर्गात पोरं करतात तसा.

"साहेब, खोटा हाय हे कोण ठरवणार?"

"सायबरकडं पाठवू. रीतसर तपास होईल."

"तपास कवा होणार?"

"वेळ लागतो, सर."

"तवर बिबट्या थांबंल का?"

सगळे हसले. साहेबही हसले. माणूस भला होता, मग खरंच बोलला: "सर, तपासायचं सॉफ्टवेअर आहे आमच्याकडं. एकच फोटो दोनदा टाकला तर एकदा खोटा सांगतं, एकदा खरा. मी तरी काय करू? मला फक्त नोटीस काढता येते."

सर खाली बसले. मला हळूच म्हणाले, "ह्यांना सात. खरं बोलले."

नोटीस निघाली आणि व्हायचं तेच झालं. लोक घाबरले. खरा बिबट्या दिसला तरी फोटो टाकायचं धाडस कुणी करेना. कोण सिद्ध करणार खरा आहे म्हणून? तेव्हा आप्पांनी ग्रामसभेत तोडगा काढला. आमच्या गावालाच सुचावा असा. बिबट्याचा फोटो आधी एकट्या मुलाणी सरांना दाखवायचा. सरांनी पास केला तरच मॅडमला पाठवायचा. नापास केला तर कुणी तोंड उघडायचं नाही. म्हणजे गुन्हा नको, भानगड नको.

"आप्पा, नको," सर उभे राहिले. "मला आता कळत न्हाई. मी चुकंन."

"तुमी चुकताय व्हय?" आप्पा म्हणाले. "हेडमास्तरांचं डोकं मोजणारा माणूस तुमी!"

सभा हसली, टाळ्यांचा कडकडाट झाला, ठराव पास. सर उभेच होते. "अरे ऐका तरी," असं काहीतरी म्हणत होते, पण ते टाळ्यांत गेलं.

सिंधूबाईच्या सुनेनं, राणीनं, बांधावरून फोटो काढला तो त्यानंतरच्या आठवड्यात. ढगाळ सकाळ होती. लांब कॅनालजवळच्या उसाच्या कडेला बिबट्या. राणीनं जेवढं जमेल तेवढं मोठं करून फोटो घेतला, धावत सरांकडं आली, फोन देऊन उभी राहिली. मी तिथंच होतो.

सर बघत राहिले. ढग होते, म्हणून सावलीच नव्हती. अंगावरचे केस रंगवल्यासारखे गुळगुळीत. मिशा उसाच्या पानात विरघळलेल्या. एक कान मेणासारखा वितळलेला. त्यांनी आजवर नापास केलेल्या प्रत्येक बिबट्यातली चूक या एकात होती.

"खोटा हाय गं," सर म्हणाले. "कुणी पाठवला तुला?"

"म्या काढलाय, सर. म्या डोळ्यांनी बघितला."

"डोळं फसत्यात बाळ."

राणीनं फोन परत घेतला. सरांना उलटून बोलायची आमच्या गावात रीत नाही. भाभी आतून म्हणाल्या, "अहो, जाऊन तरी या एकदा जागेवर." पण फोन वाजला. मनीषा मॅडम. एकच पिंजरा मोकळा होता. तुमच्याकडं आणू का नदीपलीकडं नेऊ, असं ती विचारत होती.

"पलीकडं न्या," सर म्हणाले. "आमच्याकडं काय न्हाई."

दुपारी सिंधूबाई शेळ्या घेऊन कुंपणाशी आली. "सर, राणी म्हंती वाघ हाय कॅनालला. जाऊ का नगं?"

"जा बिनधास्त. फोटो खोटा हाय."

"बरं बाई. तुमी म्हनताय म्हंजी न्हाई."

कॅनालच्या कडेला बिबट्यानं करडू धरलं. सिंधूबाईनं करडू सोडलं नाही. आधी तो ओढत होता, ती ओढत होती. मग त्यानं करडू सोडलं आणि तिला धरलं. ऊसतोडीची टोळी कोयते घेऊन ओरडत धावली म्हणून ती जगली. मानेवर आणि खांद्यावर दात, डावा हात निकामी. तिला जीपमध्ये घातलं तेव्हा सर अनवाणी जीपमागं पळत होते. त्यांना पळताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. जीप वळणावरून गेली तरी ते पळतच होते.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात आम्ही तिला बघायला गेलो. मान बांधलेली, तोंड सुजलेलं. सर खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. पुढं येईनात. तिनंच डोळे उघडले. ओठ हलले. सर वाकले. मीही वाकलो.

"सर," ती कुजबुजली, "आता तरी खरा म्हना."

आणि हसली ती! अहो, त्या अवस्थेत हसली. सरांना शिव्यांनीही लागलं नसतं तेवढं ते लागलं. राणीला त्यांनी चहा आणून दिला. तिनं कप हातात घेतला नाही. खिडकीच्या कट्ट्यावर तो थंड होत राहिला.

बाहेर ओंकार उभा होता. तोही आला होता, रडून डोळे लाल झालेले. म्हणाला, "सर, तुमची चूक न्हाई. राणीनं लांबून झूम केलं. लांबचं दिसत न्हाई तवा फोनच मधलं आपल्या मनानं भरतो. बिबट्या खरा होता. केसं फोनची होती."

सर त्याच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. "ऐकलंत का मराठी? खरा फोटोबी आता हा फोनच काढतो, आन् खोटाबी तोच काढतो. आन् मी येड्यासारखा फोटोला विचारत बसलो. पोरगी समोर उभी होती. तिला विचारलं न्हाई. तिचं पाय कापत होतं, ते मला दिसलं न्हाई."

गावात त्याआधीच नवे फोटो फिरत होते. सिंधूबाईवरच्या हल्ल्याचे. त्यांत एक गोरीपान तरुण बाई, ओठ रंगवलेले, आणि तिच्यावर झेपावलेला बिबट्या. पुढं दवाखान्यातच कुणीतरी तो सिंधूबाईला दाखवला. ती म्हणाली, "ही कोन बया? माझं करडू कुठंय?" कुणीतरी तोच फोटो सरांना पाठवला, ठरावाप्रमाणं, खरा का खोटा म्हणून. सरांचा व्हॉइस नोट आला:

"नमस्कार. मुलाणी. खरा."

मला वाटलं चुकून बोलले. पण नंतर सगळेच खरे व्हायला लागले. मंदिराच्या कळसावरचा बिबट्या खरा. ट्रॅक्टरच्या सीटवरचा खरा. एकानं थट्टेनं टोपी घातलेला बिबट्या पाठवला. तोही खरा. "सर, टोपी?" मी हात जोडले. "आसंल," ते म्हणाले. "घातली आसंल कुणीतरी. खोटा म्हणायचं आता माझ्यानं हुणार न्हाई. मी खोटा म्हणलो आन् परत कुणी गेलं तर?"

गाव ठप्प झालं. ऊसतोडीची टोळी उसात शिरेना. शाळेत पोरं येईनात. मनीषा मॅडम एका दिवसात इतक्या ठिकाणी फिरली की तिची गाडी बंद पडली, ती चालत सरांच्या दारात आली आणि ओट्यावर मटकन बसली.

"सर, तुम्ही सगळ्यालाच खरं म्हणता. मग मी जाऊ कुठं?"

"सगळीकडं जा, मॅडम."

"माणसं नाहीत हो माझ्याकडं. तो एकच आहे, तुमच्याच उसात आहे, तो अजून सापडलेला नाही. तुमच्या पन्नास बिबट्यांत तो मला दिसत नाही."

"मग मला विचारू नका." सर तिच्या पायाशी वाकायला लागले. लेकीच्या वयाची पोरगी, ती किंचाळून मागं झाली. "आप्पांना सांगा, ठराव मोडा. मला कुणी काय विचारू नका. तुमच्या पाया पडतो."

त्या दिवशी त्यांनी फोन बंद करून भाभींच्या हातात दिला. भाभींनी तो पिठाच्या डब्यामागं ठेवला. सर घराबाहेर पडेनासे झाले. मी जायचो, ते भिंतीकडं तोंड करून बसलेले असायचे. मी नकला करून बघितल्या, मुख्याध्यापकांची, अध्यक्षांची. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "छान करता." मार्क नाहीत. कारणही नाही. तेवढं मला सहन व्हायचं नाही.

सिंधूबाई परत आली तेव्हा पहिली गोष्ट तिनं काय केली असेल? शेळ्या सोडल्या. घरात बसून शेळ्या खातील काय? आमच्याकडच्या बायका आता रानात जाताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. पूर्वी कुत्र्यांना घालायचे तसाच, चामड्याचा, खिळ्यांची टोकं बाहेर. बिबट्या मान धरतो म्हणून. राणीनं सासूला तो बांधला आणि ती एका हातानं काठी धरून निघाली.

मी त्या सकाळी कॅनालच्या रस्त्यानं शिरूरला चाललो होतो. दोन्ही बाजूंना ऊस, माणसाच्या वर गेलेला, मध्ये बैलगाडीपुरती वाट. त्या वाटेत मला मुलाणी सर दिसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि कॉलरच्या वर खिळ्यांचा पट्टा. हातात थाळी आणि लाकडाचा तुकडा. सिंधूबाईच्या शेळ्यांच्या पुढं ते चालले होते. मी गाडी थांबवली.

"सर, तुम्ही?"

"आवाज करत गेलं की बिबट्या बाजूला होतो म्हणं," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता. नजर उसाच्या बुडख्यांवर. "गाणी येत न्हाईत मला. निस्ती थाळी वाजवून हात भरून येतो. मग हजेरी घेतो."

"कसली हजेरी?"

ते पुढं निघाले होते. थाळी वाजली आणि मग तो आवाज, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा: "आढाव सुनील!"

शेळ्यांच्या मागून, वळणापलीकडून, सिंधूबाईचा चिरका आवाज आला. "हजर!"

"काळे मंगल!"

"हजर!"

"गाढवे संतोष!"

"हजर! आवं, ह्यो तर दुबईला गेला की!"

सर हसले नाहीत. वाटेच्या वळणाला ऊस दोन्ही बाजूंनी वाकलेला होता, त्यात ते शिरले. पांढरा शर्ट एकदा दिसला, मग नाही. मग एकेक शेळी गेली, आणि शेवटी उसाच्या पानांवरून सरकत जाणारं सिंधूबाईचं निळं लुगडं. ते पण गेलं.

"जगताप अनिता!"

"हजर."

"तांबोळी युसूफ!"

उत्तर आलं नाही. ऊस सळसळला. वारा असावा. थाळी थांबली.

"तांबोळी युसूफ!" आवाज फाटला होता. "सिंधूबाई! तांबोळी युसूफ!"

"हजर, हजर!" ती आतून ओरडली. "करडू पळालं हुतं म्हनून धावली. वरडू नका, म्या हाय हितं!"

मी गाडीवर तसाच बसून राहिलो. सर पुढचं नाव घेईनात.